रानबोरीला गोड बोरं आणायची तर: पहिल्यांदा डोळा भरणाऱ्यांसाठी

शेत नवं घेतलं की पहिल्या उन्हाळ्यात माणूस हटकून बांध साफ करायला घेतो, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती बोरीवर. तिची बाजू घेणारं कुणी नसतं. ती कपडे फाडते, चप्पल भेदून टाचेत काटा घालते, आणि फळ म्हणावं तर करंगळीच्या नखाएवढं, आंबट, त्यातही निम्मी आठळीच. मीही पहिल्या वर्षी चार बोरी जमिनीलगत तोडल्या आणि हात झटकून मोकळा झालो. जुलैत जाऊन पाहतो तर चारही खोडांतून कंबरेला लागेल एवढी फूट. पाऊस जेमतेम दोनदा नीट पडला होता. शेजारी पाणी घालून जपलेली माझी आंब्याची कलमं मान टाकून उभी होती, आणि ज्यांना मारलं त्या बोरी अशा तरारलेल्या.

तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्या माळीबाबांनी सांगितलं, "बोर तोडायची नसती बाबा, तिचं डोकं बदलायचं असतं." खाली मूळ रानबोरीचं, वर फांदी गोड जातीची. गोड जातीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतली कोंब फुटायची जागा, सालीसकट उचलायचा आणि रानबोरीच्या फुटीवर बसवायचा. यालाच डोळा भरणं म्हणतात. रानबोरीचं सोटमूळ खोल गेलेलं असतं, कोरडवाहू माळावर तिला वरून पाणी लागत नाही, थोडी चोपण किंवा खारवट जमीनही ती खपवून घेते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला ही तयारी करायला कित्येक वर्षं लागतात. तुमच्या बांधावर ती आयती उभी आहे.

काम अवघड नाही. फक्त ते जानेवारीत सुरू होतं आणि बहुतेकांना ते जुलैत आठवतं.

आधी झाड तेच आहे ना, हे बघा

बोरीच्या कुळात काटेरी मंडळी बरीच आहेत, आणि गावोगाव नावं बदलतात. म्हणून नावावर न जाता पान उलटून बघा. बोरीचं पान वरून गर्द हिरवं, चकचकीत. खालून पांढुरकं, लवदार, बोट फिरवलं तर कापडासारखं लागतं. देठापासून तीन ठळक शिरा निघून टोकाकडे जातात. पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते: एक सरळ, सुईसारखा, दुसरा मागे वळलेला, गळासारखा. सरळ काटा टोचतो, वाकडा धरून ठेवतो. वेलासारखी दुसऱ्या झाडांवर चढणारी, काळी बारीक फळं देणारी ती येरोणी, ती आपल्या कामाची नाही. सह्याद्रीत उन्हाळ्यात पांढरी फळं धरणारी तोरण वेगळी. आणि फळ लाकडासारखं कठीण, दातांनी फुटत नाही असं असेल तर ते घटबोर. तेही सोडून द्या.

वाकड्या काट्याबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे प्रत्येक पायरीला तो भेटणार आहे. बाही अडकली की झटका देऊन ओढायचं नाही. ओढाल तितका तो खोल जातो. हात आत, फांदीच्या दिशेने ढकलायचा, काटा आपोआप सुटतो. जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, चामड्याचे हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांना साधा चश्मा, एवढं अंगावर हवंच. डोळ्यांचं मी गंमत म्हणून सांगत नाही. तोडलेली फांदी ओढताना तिचा शेंडा परत उसळतो आणि नेमका तोंडावर येतो.

जानेवारी: खाऊन बघा आणि चिंधी बांधा

डोळे ज्या झाडाचे घ्यायचे ते झाड फळं असताना ठरवायचं. पावसाळ्यात सगळ्या बोरी सारख्याच दिसतात, आणि "ती तिकडची बोर फार गोड आहे" हे ऐकून आणलेल्या डोळ्यांनी मला एकदा बेचव, भुसभुशीत बोरांचं झाड दिलं. तेव्हापासून स्वतः खाल्ल्याशिवाय डोळा आणत नाही.

महाराष्ट्रात लागवडीखालच्या जातींत उमराण, कडाका, छुहारा, मेहरून ही नावं तुम्हाला ऐकायला मिळतील. मेहरून हे जळगावच्या मेहरूण भागाचं नाव. फळ लहान पण चवीला नामी. उमराण मोठं, गुळगुळीत, उशिरा तयार होणारं, टिकाऊ, म्हणून बाजारात चालतं. सफरचंदी बोर म्हणून जे भलंमोठं हिरवं फळ हल्ली दिसतं ते दिसायला छान आहे, पण मला ते पाणचट वाटतं. ज्याची त्याची जीभ. घरच्यासाठी दोन-तीनच झाडं करणार असाल तर जातीच्या नावामागे लागू नका. कुणाच्या तरी परसात, विहिरीवर, शाळेमागे एखादी बोर असते जिच्यासाठी पोरं दगड मारत असतात. ती पोरं चुकत नाहीत.

झाड ठरलं की मालकाला विचारा आणि त्याच्या देखत दोन-तीन जोमदार फांद्यांना लाल चिंधी घट्ट न आवळता बांधून या. एकाच्या जागी दोन जाती निवडल्यात तर उत्तम, कारण बऱ्याच जाती स्वतःच्याच परागावर नीट फळ धरत नाहीत. जवळ दुसरी बोर असली की फळधारणा सुधारते.

एप्रिल-मे: डोकं उतरवणं

फळं संपली की दख्खनच्या उन्हात बोर पानं गाळते आणि गप्प बसते. हीच वेळ. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारून घ्या. बोरीवरून झालेली भांडणं बोरीपेक्षा जास्त वर्षं टिकतात. गायरानात किंवा वनखात्याच्या जमिनीत उभ्या झाडाला हात लावू नका. शहराच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, तिथे परवानगीशिवाय करवत लावायची नाही.

झाडात एकदा नीट डोकावून बघा. काटेरी झाड म्हणजे लहान पक्ष्यांचा किल्ला. अंडी-पिल्लं असतील तर थांबा किंवा दुसरं झाड निवडा. फुलोरी माशीचं, म्हणजे लहान मधमाशीचं, पोळं बऱ्याचदा आत लपलेलं असतं. एखाद्या फांदीला देठाने लोंबणारं, अंड्याच्या आकाराचं, टणक, राखाडी काहीतरी दिसलं तर ते टसर रेशमाच्या पतंगाचं कोशेट आहे. ती फांदी मी तेवढी बाजूला ठेवतो.

मनगटाएवढं खोड असेल तर जमिनीपासून गुडघ्याच्या आसपास कापा. मोठं झाड असेल तर खोड कापू नका. मुख्य फांद्या छातीच्या उंचीवर कापा, म्हणजे फूट हाताशी येते. शेळ्या मोकळ्या फिरत असतील तर लहान खोडही जरा उंच ठेवा, नाहीतर तुमच्या मेहनतीचा पाला त्या फस्त करतील. बोरीचा पाला हा त्यांचा लाडका चारा आहे. करवत वापरा, कुऱ्हाड नको. कुऱ्हाडीने खोड चिरफाळतं आणि त्या भेगेतून कुज शिरते. काप थोडा तिरका ठेवला की पाणी साचत नाही. कापावर बोर्डोपेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि मग दोन्ही एकत्र. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या. मोरचूद लोखंडाला खातं.

निघालेल्या फांद्या जाळू नका. त्यांची बुंध्याकडची बाजू बाहेर, शेंडे एकमेकांत गुंतवून बांधावर रचल्या की दोन वर्षं टिकेल असं कुंपण होतं. आणि सगळ्या बोरी एकदम कापू नका. एक रानबोर आहे तशी राहू द्या. तिचे पराग लागतात, आणि पाखरांनाही काहीतरी हवं.

तीन ते पाच आठवड्यांत कापाखालून फुटींचा झुपका येतो. त्यातल्या चारही दिशांच्या जोमदार चार-पाच ठेवा, बाकीच्या कोवळ्या असतानाच बोटाने मोडून टाका. हे टाळलंत तर वीस फुटी येतील आणि एकही डोळा बसवण्याजोगी जाड होणार नाही.

जून ते ऑगस्ट: डोळा भरणं

पाऊस लागला, फूट पेन्सिलीएवढी ते करंगळीएवढी जाड झाली की वेळ आली. पण कॅलेंडर बघू नका, साल बघा. फुटीवर चाकूने छोटी चीर द्या आणि टोकाने साल उचलून पाहा. साल ओल्या केळीच्या सोपटासारखी अलगद सुटली, खाली लाकूड ओलसर, गुळगुळीत दिसलं तर झाड तयार आहे. साल चिकटून राहिली, फाटली, तंतू निघाले तर आठ दिवस थांबा. पाऊस ताणला असेल तर दोन-तीन घागरी पाणी घालून पाच-सहा दिवसांनी परत बघा. साल सुटत नसताना भरलेला डोळा जगत नाही. नवखे लोक इथेच सर्वांत जास्त डोळे घालवतात, आणि मग म्हणतात की आमच्या हाताला गुण नाही.

हत्यारं थोडीच लागतात: धारदार कलमी चाकू, सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री, प्लॅस्टिकची दीड-दोन सेंटिमीटर रुंद पातळ पट्टी, ओलं फडकं. मी एक नेलकटरही ठेवतो, त्याचं कारण पुढे येईल. चाकूला इतकी धार हवी की कागद हवेत धरून कापता यावा. बोथट चाकू साल कापत नाही, चेंगरतो. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा.

*डोळकाडी आणणं.* चिंधी बांधलेल्या झाडावर या वर्षीच्या फुटीतली, पेन्सिलीएवढी जाड, हिरवट सोडून तपकिरी व्हायला लागलेली काडी निवडा. शेंड्याकडचा कोवळा भाग आणि अगदी बुडाचा जून भाग नको, मधला घ्या. डोळा टपोरा हवा, पण फुटलेला नको. मालक परवानगी देत असेल तर काडी काढायच्या पाच-सात दिवस आधी तिची पानं छाटून या, देठ मात्र ठेवा. डोळे फुगून येतात आणि नंतर लवकर फुटतात. काडी काढली की पान लगेच कापायचं, अर्धा-एक सेंटिमीटर देठ ठेवायचा. हा देठ पुढे डॉक्टरांच्या थर्मामीटरसारखा उपयोगी पडतो, तो तोडू नका. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत न्या. त्याच दिवशी वापरणं सर्वांत चांगलं; फार तर दोन दिवस. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून आणलेल्या काड्या सरळ चुलीत घाला.

आता नेलकटर. बोरीचा डोळा नेमका त्या दोन काट्यांच्या कुशीत बसलेला असतो. काट्यांसकट साल उचलायला गेलात तर बोटंही रक्ताळतात आणि पट्टीही फाटते. म्हणून काडी हातात आल्यावर आधी तिच्यावरचे काटे बुडाशी नेलकटरने कापून घ्या. ओढून उपटू नका. काट्याबरोबर साल निघते आणि डोळा उघडा पडतो.

*खुंटावर खिडकी.* खुंट म्हणजे खालची रानबोर. तिच्या फुटीवर, तिच्या बुडापासून एक वीत वर, गुळगुळीत जागा बघा. तिथले पान-काटे साफ करा, फडक्याने पुसा. चाकूने दोन आडवे काप घ्या, एकमेकांपासून अडीच सेंटिमीटर अंतरावर, साधारण एक सेंटिमीटर रुंद. त्यांना जोडणारे दोन उभे काप. काप सालीपुरताच, लाकडात शिरायचा नाही. ही झाली खिडकी. तिची साल अजून काढू नका, झाकण म्हणून राहू द्या. आतलं लाकूड उघडं पडून सुकलं की सगळं वाया जातं.

*ठिगळ उचलणं.* आता डोळकाडीवर तसेच चार काप, डोळा बरोबर मध्ये येईल असे. माप खिडकीएवढं किंवा केसभर लहान, मोठं अजिबात नको. मोठं ठिगळ कडेला उचललं जातं आणि खाली पोकळी राहते. मग अंगठ्याने ठिगळ बाजूला, आडवं सरकवायचं. वर उचलायचं नाही. याचं कारण असं की डोळ्याच्या आत एक बारीकसा गाभा लाकडाला धरून असतो. सरळ वर उचललं तर तो गाभा लाकडावरच राहतो आणि तुमच्या हातात नुसती पोकळ साल येते. आडवं सरकवलं की गाभा तुटून ठिगळाबरोबर येतो. प्रत्येक ठिगळ उलटं करून बघा: डोळ्यामागे सपाट किंवा किंचित उंचवटा दिसला तर ठीक, भोक दिसलं तर टाकून द्या. भोकवालं ठिगळ फसवं असतं. ते चिकटतं, हिरवं राहतं, महिनाभर आशा लावतं, आणि फुटत मात्र कधीच नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या डोळ्यांपैकी निम्मे असेच होते, आणि ते का फुटत नाहीत हे मला पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळलं नव्हतं.

*बसवणं आणि बांधणं.* खिडकीचं झाकण काढा, ठिगळ लगेच बसवा. देठ खाली, डोळा वर. घाईत उलटं बसवणारे मी पाहिले आहेत, त्यात एकदा मी स्वतः होतो. वरची कड आणि निदान एक उभी कड खुंटाच्या सालीला घट्ट भिडली पाहिजे. ठिगळाच्या आतल्या ओल्या बाजूला बोट लावू नका, फुंकर घालू नका, मातीत पडलं तर पुसून वापरू नका. काप घेतल्यापासून बांधेपर्यंत एक मिनिटाच्या आत व्हायला हवं, म्हणून आधी दहा-बारा ठिगळं एखाद्या निरुपयोगी फांदीवर गिरवून हात बसवा.

पट्टी खालून वर बांधत या. प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर निम्मा चढला की कौलांसारखी उतरण होते आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. वरून खाली बांधलं तर नेमकं उलटं होतं. डोळा आणि देठ उघडे ठेवा, त्यांच्या वर-खाली पट्टी ताणून घ्या. एका झाडावर निदान तीन डोळे भरा, वेगवेगळ्या फुटींवर. पाऊस पडत असताना हे काम करायचं नाही. उघडीप बघून सकाळी.

पंधरा दिवसांनी देठाला बोट लावा

मधले दिवस सोडवून बघायचा मोह होईल. हात लावू नका. पंधरा ते वीस दिवसांनी त्या ठेवलेल्या देठाला बोटाने हलकंच टेकवा. देठ पिवळा पडून स्पर्शाबरोबर गळाला तर डोळा जगला. जिवंत साल स्वतःहून देठ सोडते. देठ काळा पडून, वाळून तिथेच चिकटून बसला असेल तर डोळा मेला. त्याच फुटीवर जरा खाली दुसरा भरता येतो, ऑगस्टअखेरपर्यंत वेळ असते.

जगलेल्या डोळ्याची पट्टी तीन-चार आठवड्यांनी सोडा, नाहीतर ती सालीत रुतते. मग डोळ्याच्या वर वीतभर अंतरावर खुंटाची फूट छाटा. लगेच डोळ्यालगत कापू नका. वरचा तो खुंट नव्या कोंबाला बांधायला आधार म्हणून कामी येतो. कोंब वीतभर वाढला की त्याला सुतळीने सैल आठाच्या आकारात त्या खुंटाला बांधा, आणि हातभर झाला की शेजारी बांबू रोवून त्याला. नवा सांधा वाऱ्याला फार कच्चा असतो. ऑगस्टच्या एका वादळी संध्याकाळी माझे तीन हातभर वाढलेले कोंब सांध्यातून उकलून पडले. बांबू गोठ्यात पडून होते. कोंब पक्का झाला की वरचा खुंट डोळ्याच्या किंचित वर तिरका कापून पेस्ट लावा.

आता ज्या कामात लोक कंटाळतात ते काम. खाली रानबोरीचं खोड गप्प बसत नाही. दर आठ-दहा दिवसांनी ते नवी फूट काढतं, आणि ती फूट तुमच्या कोंबापेक्षा नेहमी जोरात वाढते, कारण मूळ तिचं स्वतःचं आहे. तिची पानं लहान, काटे दाट, हे एकदा डोळ्यात बसलं की लांबून ओळखू येते. कोवळी असतानाच हाताने मोडायची. "आमची गोड बोर दोन वर्षांनी आंबट झाली" अशी तक्रार तुम्ही ऐकाल. बोर काही पालटत नाही. खालची फूट वाढून वर गेली, कलमाची फांदी सावलीत गुदमरून मेली, आणि मालकाच्या ते लक्षात आलं नाही, एवढंच झालेलं असतं. पहिलं वर्षभर हे काम चुकवायचं नाही. पुढेही पावसाळ्यात दोन-तीनदा खाली वाकून बघायचं.

त्याच वर्षी कोंबावर फुलं येऊ शकतात. पानांच्या बगलेत हिरवट-पिवळी, बारीक, जरा चमत्कारिक वासाची. माश्या आणि मधमाश्या त्यांच्यावर तुटून पडतात. फळं धरली तर जात तीच आली का हे बघण्यापुरती चार ठेवा, बाकीची काढून टाका. खरं पीक दुसऱ्या वर्षापासून.

दरवर्षी छाटणी, आणि तीही उन्हाळ्यात

बोरीला फळ येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. म्हणजे नवी फूट जितकी जोमदार, तितकं फळ. न छाटलेली बोर उंच जाते, आत काटक्यांचं जाळं होतं आणि फळ बारीक होत जातं. म्हणून फळं संपून पानं गळाली की, एप्रिल-मेमध्ये, गेल्या वर्षीच्या फांद्या निम्म्याच्या आसपास मागे घ्या. एकमेकींना घासणाऱ्या, जमिनीकडे झुकलेल्या, झाडाच्या पोटात शिरलेल्या फांद्या मुळापासून काढा. पहिल्या दोन-तीन वर्षांत सांगाडा ठरतो: गुडघ्याच्या वरून निघालेल्या तीन-चार मुख्य फांद्या, मध्ये उजेड जाईल इतकी मोकळीक. तोडणीला हात घालता येणार नाही अशी बोर वाढवून उपयोग काय?

खत म्हणाल तर पावसाच्या तोंडावर दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत पुरतं. पाणी पावसाळ्यानंतर, फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून ते भरेपर्यंत, एक-दोनदा देता आलं तर फळगळ कमी होते. नाही दिलं तरी झाड मरत नाही.

भुरी, आणि आत अळी असलेली बोरं

दोनच गोष्टींकडे मी खरं लक्ष देतो. पहिली भुरी. ऑक्टोबरच्या सुमाराला कोवळ्या फळांवर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर येतो, मग फळ खडबडीत, तपकिरी होऊन गळतं. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ते तीन ग्रॅम, पहिला डाग दिसताच फवारा आणि पंधरवड्याने परत. सकाळी किंवा संध्याकाळी, कडक उन्हात नको.

दुसरी फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडं घालते, अळी आठळीभोवतीचा गर खात वाढते, आणि पूर्ण वाढली की फळातून निघून मातीत शिरून कोशात जाते. बाहेरून फळ कधीकधी अगदी चांगलं दिसतं. घरच्या माणसाला फवारणीपेक्षा झाडू जास्त उपयोगी: खाली पडलेली फळं रोज गोळा करा आणि हातभर खोल खड्ड्यात पुरा, किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. झाडाखालीच राहू दिलीत तर पुढच्या वर्षीची माशी तुम्हीच पोसली. उन्हाळ्यात छाटणी झाली की झाडाखालची माती वीतभर खोल हलवा; कोश वर येतात, उन्हाने मरतात, उरलेले कोंबड्या आणि साळुंक्या वेचतात. राखलेली ती एक रानबोर माशीचंही घर असते, हे खरं आहे. म्हणून तिच्याखालचाही झाडू सुटत नाही.

पानांवर चपट्या हिरव्या अळ्या आणि त्यांच्याभोवती मुंग्या घोटाळताना दिसल्या तर घाबरू नका. त्या बारीक निळसर फुलपाखरांच्या अळ्या. चार पानं खरवडतात आणि जातात. जुन्या खोडावर मात्र भुश्याची जाळी दिसली तर आत साल खाणारी अळी आहे. जाळी खरवडून भोकात तार घाला.

बांधावर रानबोर नसेल तर

बी जागेवरच लावा. सोटमूळ इतक्या लवकर खाली धावतं की पिशवीतलं रोप हलवताना ते दुमडतं किंवा तुटतं, आणि बोरीची सगळी ताकद तर त्यातच आहे. पिकलेल्या रानबोरांच्या बिया धुऊन मिठाच्या पाण्यात टाका. तरंगतील त्या फेका, बुडालेल्या स्वच्छ धुऊन घ्या. अखंड आठळी रुजायला तीन-चार आठवडे घेते. हलक्या हाताने फोडून आतला दाणा लावला तर आठवड्याभरात वर येतो, पण दाणा चेंगरला तर गेला. एका खड्ड्यात तीन लावा, एक ठेवा. दोन झाडांत सहा मीटर अंतर. एप्रिलमध्ये लावलेलं, पाणी दिलेलं रोप त्याच पावसाळ्याच्या शेवटी किंवा पुढच्या जूनमध्ये डोळा भरण्याइतकं जाड होतं.

तोडणी

बोरं एकदम तयार होत नाहीत. चार-पाच वेळा तोडावी लागतात. फांदी हलवून पाडू नका. कच्ची पिकी सगळी एकत्र पडतात, आणि पडताना काट्यांनी ओरखडलेली फळं दुसऱ्या दिवशी तिथूनच सडतात. हिरवा रंग जाऊन त्या जातीचा पिवळा आला की देठासह तोडा. उमराण सोनेरी पिवळं असताना काढायचं. तपकिरी होईपर्यंत ठेवलं तर गर मऊ पडतो आणि खाताना तो करकरीतपणा राहत नाही. सकाळी दव वाळल्यावर तोडलेली फळं जास्त टिकतात. तोडताना गळ्यात पिशवी अडकवा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात: एक फळाला, एक काट्याची फांदी बाजूला धरायला.

शेंड्याकडची, हात न पोचणारी बोरं मी तशीच सोडतो. संध्याकाळी बुलबुल येतात, रात्री कधी कोल्हा येऊन खाली पडलेली खाऊन जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात बांधावर कुठेतरी नवं रोप उगवलेलं दिसतं. त्याला दोन वर्षं वाढू देतो, मग एप्रिलमध्ये करवत घेऊन जातो.